देहाची बोली



आपल्या कलघटगीचे नाव दूरवर पोहोचविले ते येथल्या लाकडी पाळण्यांनी. रंगीत चित्रांनी नटलेला कलघटगीचा पाळणा नातवासाठी घरी यावा, ही हौस अजूनही पुष्कळ आजी-आजोबांच्या मनात असते. अशा पाळण्यात पहुडलेल्या बाळाला आई पहिला धडा कोणता देते? 'नाक कुठे आहे? कान कुठे आहे? डोळे दाखव पाहू!' बाळ आपले इवलेसे बोट नाकावर टेकवते आणि सारे घर आनंदून जाते. घर कन्नड बोलणारे असो, कोकणी बोलणारे असो वा मराठी, पहिला धडा हाच. अक्षरांची ओळख होण्यापूर्वी मुलाला आपल्या देहाची ओळख होते, आणि पुढे तो जन्मभर जी भाषा बोलतो तिची पुष्कळशी इमारत याच धड्यावर उभी राहते.

आपले रोजचे बोलणे थोडे कान देऊन ऐका. कामाला टाळाटाळ करणारा अंग चोरतो. कंजूष माणूस हात आखडता घेतो. लाडावलेले मूल डोक्यावर बसते. कर्ता मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहतो. चहाडखोर कान भरतो आणि हलक्या कानाचा माणूस ते खरे मानतो. एखादी गोष्ट पाहूनही पाहिली नाही असे दाखवायचे असेल तर आपण कानाडोळा करतो. यातले एकही वाक्य वैद्याच्या उपयोगाचे नाही, तरी प्रत्येकात एक अवयव आहे. मनातल्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, हातात धरता येत नाहीत. म्हणून त्या सांगण्यासाठी माणसाने आपल्या सर्वांत जवळची वस्तू, आपला देह, हाताशी घेतला.

आज हा विषय काढण्याचे कारण असे. अलीकडे आपल्या गावांतील पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. त्यांना देहाच्या अवयवांवरून पडलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ कराव्या लागतात. मुले त्या पाठ करतात, आणि घरी आल्यावर त्यांचा शब्दाला शब्द ठेवून मराठी अर्थ लावतात. येथेच गोंधळ होतो. हा गोंधळ केवळ परीक्षेतल्या दोन गुणांचा असता तर त्यासाठी ही जागा अडवली नसती. तो पवित्र ग्रंथ ऐकतानाही होतो, आणि घरातल्या माणसांना समजून घेतानाही होतो. म्हणून त्याचा थोडा विचार करू या.

प्रथम सोपी बाजू पाहू. इंग्रज दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतो, आपणही खुपसतो, आणि आपले कन्नड शेजारीही नाकच खुपसतात. इंग्रजाची जीभ घसरते, आपलीही घसरते. त्याचा विश्वासू सहकारी त्याचा उजवा हात असतो, आपलाही असतो. विश्वासघातकी मित्र त्याच्या पाठीत खुपसतो, आपल्याही पाठीतच. लाच द्यायची झाली तर इंग्रज तळहाताला वंगण लावतो आणि आपण हात ओले करतो. ज्याच्यापासून दूर राहावयाचे त्याला तो हाताच्या अंतरावर ठेवतो, आपण चार हात दूर ठेवतो. हे साम्य कोठून आले? कोणी कोणाची नक्कल केली असे प्रत्येक वेळी मानण्याचे कारण नाही. देवाने सर्वांना देह एकाच घडणीचा दिला आहे. नाक सगळ्यांच्या पुढे असते आणि पाठ कोणालाच दिसत नाही.

परंतु पुढे वाटा फुटतात. इंग्रजीत एखाद्याचा पाय ओढणे म्हणजे त्याची निरुपद्रवी थट्टा करणे. मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला मत्सराने खाली खेचणे. शाळेतून आलेल्या मुलाने 'आमचे सर वर्गात सगळ्यांचे पाय ओढतात' असे सांगितले, तर बिचारी आई दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन जाईल! इंग्रजीत ऐन वेळी धीर सुटलेल्या माणसाचे पाय गार पडतात. आपल्याकडे पाय गार पडले म्हणजे घटका भरत आली असे समजतात. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाचे पाय गार पडले, असे कोणी इंग्रजीवरून मराठीत सांगितले, तर घरची वडीलधारी मंडळी वऱ्हाड विसरून धर्मगुरूंना पवित्र तैलासह बोलावणे धाडतील. इंग्रज ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो त्याला थंड खांदा देतो. आपण खांदा देतो तो शेवटच्या यात्रेला, आणि ती उपेक्षा नव्हे, शेजारधर्माचे अखेरचे कर्तव्य असते.

अंगठ्याची गोष्ट तर रोजच्या अनुभवाची आहे. मराठीत अंगठा दाखविणे म्हणजे आशा लावून शेवटी ठेंगा देणे. हल्ली मोबाइलवर निरोप पाठविला की उत्तरादाखल उभ्या अंगठ्याचे चित्र येते, आणि त्याचा अर्थ असतो 'ठीक आहे, मान्य आहे'. नातू होकार कळवतो आणि आजीला वाटते, पोराने आपल्याला अंगठा दाखविला. दोघांच्याही मनात खोट नाही, फक्त त्यांचे अंगठे दोन भाषांतले आहेत.

इंग्रजी तर सातासमुद्रापलीकडची भाषा, पण असा फरक कुंपणापलीकडेही असतो. आपल्या भागात पाऊस पाठ फिरवतो तेव्हा कन्नड शेतकरी म्हणतो, 'मळे कै कोट्टितु'. शब्दशः पाहिले तर याचा अर्थ 'पावसाने हात दिला' असा होतो. मराठीत हात देणे म्हणजे मदत करणे, तर कन्नडमध्ये कै कोडुवुदु म्हणजे ऐन वेळी दगा देणे. एकाच पेरणीच्या वेळी, एकाच बांधावर उभे राहून दोन शेजाऱ्यांनी हातच म्हटले, तरी एकाचे भात तरारले आणि दुसऱ्याचे करपले! तीच गोष्ट पोटाची. मत्सराला कन्नडमध्ये होट्टेकिच्चु म्हणतात, म्हणजे पोटातील आग. मराठी माणसाच्या पोटात आग पडते ती भुकेने. शेजाऱ्याचे बरे पाहून आपल्या पोटात नुसते दुखते. दोन्ही भाषांनी मत्सराला जागा दिली ती मात्र पोटातच, आणि हे निदान अचूक आहे असे कोण म्हणणार नाही?

हातांचीच आणखी एक गंमत पाहा. मराठीत दोन हात करणे म्हणजे लढणे आणि दोनाचे चार हात होणे म्हणजे लग्न होणे. एखाद्या परभाषी पाहुण्याला हे शब्दकोश उघडून समजणार नाही. तो हिशेब करील की दोन हातांनी भांडण होते, तर चार हातांनी दुप्पट व्हावे! तसेच, मालकाने कामावरून काढलेला मजूर 'माझ्या पोटावर पाय दिला' असे म्हणतो. ते वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत अर्जात उतरविले, तर कचेरीतला अधिकारी मारहाणीची चौकशी सुरू करील, आणि मजुराची गेलेली भाकर तशीच राहील.

यावरून ध्यानात येते ते इतकेच की वाक्प्रचार हा देखील एका देहाचा अवयव आहे. हात देहापासून तोडून दुसरीकडे चिकटविला तर त्याची बोटे हलत नाहीत. संत जेरोम यांनी पवित्र ग्रंथ लॅटिन भाषेत आणला. त्यांनी सुमारे ३९५ साली आपल्या पामाखियुस नावाच्या मित्राला भाषांतरावर एक पत्र लिहिले. ग्रीक लेखकांचे भाषांतर करताना आपण शब्दामागे शब्द न ठेवता अर्थामागे अर्थ ठेवतो, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. पवित्र ग्रंथाची बाब मात्र त्यांनी वेगळी मानली, कारण तेथे शब्दांचा क्रमही त्यांना गूढ वाटे. हा अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण त्यामुळेच पुढची मोठी मौज घडली.

ती मौज अशी. आपली मुले ज्या देहाच्या म्हणी इंग्रजी म्हणून पाठ करतात, त्यांतील कितीतरी मुळात इंग्रजी नाहीतच. त्या बायबलमधून, म्हणजे यहुदी लोकांच्या हिब्रू भाषेतून आणि शुभवर्तमानांच्या ग्रीक भाषेतून इंग्रजीत शिरल्या आहेत. थोडक्यात बचावलेला इंग्रज 'दातांच्या कातडीने' वाचतो. ती ईयोबाच्या ग्रंथातील एकोणिसाव्या अध्यायातील तक्रार आहे. थोर वाटणाऱ्या माणसाचा दोष उघडा पडला की इंग्रज म्हणतो, त्याचे पाय मातीचे निघाले. ती मूर्ती दानीएलच्या ग्रंथात नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नात उभी आहे. डाव्या हाताला उजव्या हाताचे कळू न देणे आणि स्वतःच्या डोळ्यातील मुसळ न पाहणे, ही दोन्ही तर प्रभू येशूच्या मुखातील उदाहरणे आहेत. कॅथलिकांचा जुना इंग्रजी अनुवाद आजच्या फ्रान्समधील रीम्स येथे १५८२ साली आणि डुए येथे १६०९-१० मध्ये छापला गेला. प्रॉटेस्टंटांचा राजा जेम्सच्या नावाचा अनुवाद १६११ सालचा. अशा अनुवादांतून चारशे वर्षे घरोघरी वाचन झाले, आणि परक्या म्हणी ऐकून ऐकून घरच्या झाल्या.

मग आपल्या मराठीचे काय? येथे सावध राहावे लागते. पिलाताने लोकांसमोर हात धुतले हे आपण दरवर्षी दुःखसहनाच्या सप्ताहात ऐकतो. यावरून इंग्रजीत हात धुणे म्हणजे जबाबदारी नाकारणे. मराठीत त्यासाठी हात झटकणे किंवा हात वर करणे असे आपण म्हणतो. हात धुऊन घेणे म्हणजे आयत्या संधीचा फायदा उपटणे, आणि हात धुऊन मागे लागणे म्हणजे पिच्छा पुरविणे! लहान मुलाला नीट सांगितले नाही, तर पिलाताने त्या प्रकरणात काहीतरी कमाई केली असे त्याला वाटेल. खरे पाहता त्याने निरपराध माणसाला वधस्तंभाकडे धाडले आणि आपले हात स्वच्छ असल्याचा देखावा केला.

दुसरे उदाहरण मानेचे. सोन्याचे वासरू करणाऱ्या इस्राएल लोकांना देव ताठ मानेचे लोक म्हणतो, असे निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात आहे. आपण तर ताठ मानेने जगावे असे मुलांना शिकवतो. मग देव त्यांची स्तुती करतो की काय? नव्हे. ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांना हे समजावे लागणार नाही. जू ठेवायला गेले की जो बैल मान ताठ करून मागे सरतो, त्याचे ते चित्र आहे. आपल्या भाषेत त्याला आडमुठा म्हणतात. अन्यायापुढे ताठ राहणारी मान निराळी आणि देवाच्या जुवाखाली न वाकणारी मान निराळी. शब्द एक, पण पारख दोन.

परंतु वाचकहो, सर्व ठिकाणी आपण दूर आहोत असे मात्र नाही. कित्येक ठिकाणी आपली साधी मराठी इंग्रजीपेक्षा पवित्र ग्रंथाच्या अधिक जवळ आहे, आणि हे सांगताना मला विशेष आनंद होतो. मोशेच्या गीतात असे आले आहे की देवाने आपल्या प्रजेला डोळ्याच्या बुबुळाप्रमाणे जपले. इंग्रजीत त्याचे 'डोळ्याचे सफरचंद' झाले. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ डोळ्यातील 'इवलासा माणूस' असा लावतात. दुसऱ्याच्या डोळ्यात निरखून पाहिले की आपले चिमुकले प्रतिबिंब दिसते, ते हे. लॅटिन भाषेनेही त्यात एक लहान बाहुली पाहिली. आणि आपण मराठी माणसे? आपणही 'डोळ्यातील बाहुली'च म्हणतो. आई बाळाकडे पाहते तेव्हा तिच्या डोळ्यात बाळच असते. देवाच्या डोळ्यात आपण असेच आहोत, हे समजायला मराठी आजीला टीपांची गरज नाही.

तसेच रागाचे. हिब्रू भाषेत नाकाला आणि रागाला एकच शब्द आहे. देव मंदक्रोध आहे हे सांगताना ती भाषा शब्दशः 'देव लांब नाकाचा आहे' असे म्हणते. इंग्रजी मुलाला हे ऐकून हसू येईल. पण ज्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो असा माणूस आपल्या प्रत्येक वाड्यात एक तरी आहेच. शेंड्यावरचा राग लगेच उडी घेतो. लांब नाकावरून यायला त्याला वेळ लागतो. देवाचा राग फार लांबून येतो, आणि येता येता वाटेतच दयेत विरून जातो.

आता सर्वांत महत्त्वाचा शब्द. इंग्रजाचे प्रेम, धैर्य, दुःख हे सारे हृदयात राहते. आपल्याकडे ते काळजात राहते, मग खाटकाकडे कलेजी मागितल्यावर यकृत मिळते याची आपण फिकीर करीत नाही. हिब्रू लोक त्याहून खोल गेले. देव हृदयाबरोबर मूत्रपिंडेही तपासतो असे यिर्मया संदेष्टा म्हणतो, कारण माणसाचे सर्वांत गुप्त विचार तेथे दडतात अशी त्यांची समजूत होती. आणि दया? तिच्यासाठी असलेला हिब्रू शब्द आईच्या गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला आहे. शुभवर्तमानांच्या ग्रीकमध्ये प्रभूला कळवळा आला असे जेथे लिहिले आहे, तेथील क्रियापद 'स्प्लांख्ना' म्हणजे पोटातील आतडी या शब्दापासून झाले आहे. नाईन गावच्या विधवेचे एकुलते एक पोर तिरडीवर पाहून प्रभूला जे झाले ते हेच. जखमी वाटसरूला पाहून दयाळू शोमरोन्याला जे झाले ते हेच. जुन्या इंग्रजी अनुवादांत काही ठिकाणी 'दयेची आतडी' असे शब्द होते. जखऱ्याच्या गीताच्या रीम्स येथील इंग्रजी पाठात ते आहेत. पुढे इंग्रजी कानांना ते ओंगळ वाटू लागले, आणि नव्या अनुवादांतून ते गेले. अर्थ राहिला, पण पोट गेले.

आपल्याकडे ते गेलेले नाही. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या आजारपणाची बातमी आली की आई काय म्हणते? 'माझे आतडे तुटते हो!' मुलाला ती 'माझ्या पोटचा गोळा' म्हणते. रक्ताच्या नात्याला आपण आतड्याचे नाते म्हणतो. प्रभूचे आतडे तुटले असे कोणत्याही मराठी आईला सांगा, ग्रीक न शिकता तिला शुभवर्तमान समजेल. कारण ते तिने आधीच आपल्या देहात भोगले आहे.

आपल्या भाषेची ही शक्ती ज्याने फार पूर्वी ओळखली तो एक इंग्रजच होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली याच भूमीत निवर्तले. त्यांनी आपली चाळीस वर्षे प्रामुख्याने साष्टीच्या गावांत काढली. लोकांची बोली त्यांनी इतकी आत्मसात केली की कोकणीचे व्याकरण रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापून निघाले. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशाच्या भाषा रचनेने ग्रीक व लॅटिनसारख्या असल्याचे नमूद केले. आणि १६१६ साली त्यांनी 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. प्रभूची कथा त्यांना येथल्या नवख्रिस्ती कुटुंबांना सांगावयाची होती. इंग्रजी वा पोर्तुगीज वाक्ये शब्दशः उलटवून ती त्यांना सांगता आली असती. त्यांनी तसे केले नाही. जात्यावर बसलेल्या बाईला पाठ येतो तो ओवीचा छंद त्यांनी घेतला, आणि आपली जीभ लोकांच्या जिभेला शिष्य केली. परक्या माणसाने आपल्या भाषेपुढे एवढी मान लवविली, आणि आपण घरची माणसे तिला ओट्यावर बसवून आत इंग्रजीला पाट मांडतो, हे बरे दिसत नाही.

याचा अर्थ मुलांनी इंग्रजी शिकू नये असा कृपया घेऊ नका. ती अवश्य शिकावी आणि चांगली शिकावी, कारण पोटापाण्याच्या वाटा तिच्यातून जातात. माझे सांगणे इतकेच की मुलाने नवा इंग्रजी वाक्प्रचार घरी आणला की त्याला हसू नका आणि धुडकावूही नका. 'याला आपण काय म्हणतो बरे?' असे विचारा. आई-वडिलांना इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. मुलाने अर्थ सांगावा आणि घराने त्याला मराठी जोड द्यावी. शेजारी कन्नड बोलणारे असतील तर त्यांनाही विचारावे. अशाने मूल तिन्ही भाषा खरेपणाने शिकेल, आणि ज्यांना अक्षर येत नाही अशा आजी-आजोबांजवळही आपल्याला शिकविण्याजोगे काही आहे, हे त्याला उमजेल.

आणखी एक गोष्ट सांगून हे पुरे करतो. वाक्प्रचार आपण वापरतो असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा तेच आपल्याला वापरतात. मराठीत अब्रूचे घर नाक आहे. इंग्रजाची अब्रू चेहऱ्यात असते, आणि चेहरा गमावण्याचा त्याचा तो वाक्प्रचारही एकोणिसाव्या शतकात चिनी भाषेतून आलेला आहे. आपले मात्र नाक कापले जाते. नाक ही हाडामांसाची गोष्ट. ते एकदा कापले की पुन्हा उगवत नाही, म्हणून त्या शब्दामागोमाग घरात एक कठोरपणा शिरतो. मुलीने मनाविरुद्ध लग्न केले, नाक कापले. मुलगा दारूच्या नादी लागून कर्ज करून बसला, नाक कापले. भाऊ वाटणीसाठी कोर्टात गेला, नाक कापले. मग वर्षानुवर्षे दार बंद राहते, सणावाराला ताट मांडले जात नाही, आणि म्हातारी आई दाराआड डोळे पुसत राहते.

परंतु त्याच मराठीत दुसराही एक वाक्प्रचार आहे. अपराध 'पोटात घालणे'. क्षमेसाठी याहून मोठा शब्द मला माहीत नाही. जे पोटात घातले ते पचून जाते, पुन्हा वर येत नाही, आणि आपल्याच देहाचा भाग होते. नाक चेहऱ्याच्या पुढे असते, साऱ्या गावाला दिसते. पोट आत असते, फक्त देवाला दिसते. घरात अपराध घडला की नाक आणि पोट ही दोघे दारापाशी उभी राहतात, आणि कोणाचे ऐकायचे हे आपल्याला ठरवावे लागते.

संत लूकच्या पंधराव्या अध्यायातील त्या बापाचे नाक गावभर कापले गेले होते. धाकट्याने बाप जिवंत असताना वाटणी मागितली, परदेशी ती उधळली, डुकरे राखली. गावाने त्या बापाला काय काय ऐकविले असेल! तरी तो मुलगा दूरवर दिसताच संत लूक जो शब्द वापरतो तो आतड्यांचाच. बापाचे आतडे तुटले, आणि तो म्हातारा, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, धावत सुटला. मुलाने पाठ केलेली क्षमायाचना पुरती संपण्याआधीच त्याने सारे पोटात घातले होते. थोरल्याने मात्र नाक मुरडले आणि तो अंगणातच उभा राहिला. त्याच्याहीकरिता बाप बाहेर आला, हे विसरू नका.

येत्या रविवारी संध्याकाळच्या जपमाळेनंतर हा अध्याय घरात मोठ्याने वाचा. इंग्रजी शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या, पण मराठीत. आणि वाचून झाल्यावर, ज्या कोणाचे नाव आपल्या घरात बऱ्याच दिवसांत उच्चारले गेले नाही, ते एकदा उच्चारा. मग उशीर न करता निरोप धाडा.

तुमचा,
धर्मगुरू